अवघड जागेचं दुखणं आणि साडू डॉक्टर

डॉक्टर साहेब, नमस्कार.

माझं वय 37. गंगाखेड तालुक्यातलं गाव. स्वतःची जीप आहे, परळी-गंगाखेड-परभणी अशा फेऱ्या मारतो. दिवसाचे दहा-अकरा तास सीटवरच जातात. मागच्या उन्हाळ्यात जांघेत खाज सुटली. आधी रुपयाएवढा गोल चट्टा होता, कडेनं लाल आणि मधून साफ. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. दोन दिवसांत असा फरक पडला की वाटलं, सुटलो. पण ट्यूब बंद केली की आठ दिवसांत पुन्हा तेच. असं करत चौदा महिने झाले, वीस-बावीस ट्यूबा संपल्या. आता चट्टा गोल राहिला नाही, दोन्ही जांघांतून मागं बसायच्या जागेपर्यंत गेलाय. खालची पिशवी लालभडक दिसते आणि खाजेपेक्षा आगच जास्त व्हायलीय. एक दिवस ट्यूब लावली नाही तर गाडी चालवणं होईना. दोन महिन्यांपासून लघवीच्या जागेची पुढची कातडी मागं घेताना चिरायलीय, बारीक भेगा पडायल्यात, आत पांढरं पिठासारखं साचतं.

अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकून पाहिलं, मिठाचं गरम पाणी झालं. एकानं सांगितलं म्हणून नायट्याचं लोशन लावलं, तर रात्रभर ओसरीवर उभा होतो.

बायकोच्या कमरेवर पण तसाच चट्टा आलाय. ती फार बोलत नाही, पण मागच्या महिन्यात एकदा विचारलं, "बाहेर काही केलं का?" देवाशपथ सांगतो, तसं काही नाही. वडिलांना शुगर आहे. मला नाही, म्हणजे तपासलेली नाही.

आमच्या भागात विश्वासाचा एकच डॉक्टर, आणि तो माझा साडू. वर्षातून चार वेळा एका पंगतीला बसतो आम्ही. त्याच्यासमोर पँट कशी सोडू? नाव छापू नका.

एक जीपवाला, परभणी जिल्हा

*

भाऊ, आधी एक कबुली. मी साहेब नाही, बाई आहे. सदरावर नुसतं 'त्वचारोगतज्ज्ञ' छापलेलं असतं, त्यामुळे असं नेहमी होतं. दवाखान्यातही पुरुषमंडळी आत येतात, मला बघतात, मग माझ्या मागच्या पडद्याकडं बघतात, की तिकडून कुणी साहेब निघतायत का. निघत नाहीत. मग ती हाताचा कोपर दाखवतात, "इथं जरा खाज आहे" म्हणतात, आणि चिठ्ठी घेऊन दारापर्यंत गेल्यावर वळून खरं दुखणं सांगतात. तुम्ही निदान पहिल्या ओळीपासून खरं लिहिलंत. आता कागद परत घेता येणार नाही, तेव्हा लाजू नका.

आपल्याकडं म्हणच आहे, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. तुमच्या नशिबी जावयाऐवजी साडू आला. जावयापुढं नुसती लाज असते, साडूपुढं लाजेबरोबर चुरसही असते, हे मी जाणून आहे. त्यामुळे "त्यात काय लाजायचं, जा की साडूकडं" असा फुकटचा सल्ला मी देणार नाही. दुसरीकडं जा. पण जा. पत्रावरून मी अंदाज बांधू शकते, निदान करू शकत नाही. चामडीचा आजार डोळ्यांनी बघायचा असतो.

माझा अंदाज असा. तुम्हाला एक आजार नाही, तीन आहेत, एकावर एक चढलेले. सगळ्यात खाली नायटा, म्हणजे गजकर्ण. त्याच्यावर ट्यूबनं केलेली इजा. आणि पुढच्या कातडीच्या भेगा हे तिसरंच काहीतरी, ज्याचा संबंध बहुधा तुमच्या न तपासलेल्या शुगरशी लागेल. सुरुवात मधल्यापासून करू, कारण तुमचे हाल सध्या ट्यूबच्या इजेनंच केलेत.

घरात उरलेली ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक तीन-चार औषधांची भेळ असेल: एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक स्टेरॉईड. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, अशी त्याची नावं असतात. शेवट 'सोल', 'सोन' किंवा 'लोन' असा आला की स्टेरॉईड समजा. क्लोट्रिमाझोल, किटोकोनाझोल अशी 'झोल'वाली नावं बुरशीच्या औषधांची. एरवी आपल्या भाषेत झोल म्हणजे भानगड, इथं मात्र झोल बरा आणि सोल वाईट.

दोन दिवसांत तुम्हाला जो फरक पडला तो स्टेरॉईडचा. स्टेरॉईड बुरशीला मारत नाही. बुरशी घुसल्यावर शरीर जी आरडाओरड करतं, म्हणजे लाली, सूज, खाज, ती तेवढी ते बंद करतं. पिकात ढोरं शिरलीत आणि आपण राखणदारालाच झोपवलं, अशातला प्रकार. शेतात शांतता, आणि ढोरं चरतायतच. म्हणून ट्यूब चालू असताना खाज नसते आणि चट्टा पसरत असतो. त्याची गोल कडा पुसली जाते, कातडी नुसतीच लालसर-काळपट दिसते, आणि मग अनुभवी डॉक्टरलाही नायटा पटकन ओळखू येत नाही. त्यातलं बुरशीचं औषध मग काय करतं, असं तुम्ही विचाराल. करतं थोडंफार, पण बरं वाटलं की तुम्ही ट्यूब ठेवून देता. अर्धवट मारलेली बुरशी पुन्हा उठते.

आणि जागा बघा कुठली. अंडकोशाची कातडी अंगावरच्या सगळ्यात पातळ कातड्यांपैकी एक. 1967 साली अमेरिकेतल्या दोन त्वचातज्ज्ञांनी हे मोजून पाहिलं होतं. हायड्रोकॉर्टिसोन हे साधं, सौम्य स्टेरॉईड त्यांनी अंगावर वेगवेगळ्या जागी लावलं. कोपर ते मनगट या भागातून जेवढं आत गेलं, त्याच्या सुमारे 42 पट अंडकोशाच्या कातडीतून गेलं. तुमच्या ट्यूबमध्ये क्लोबेटासोल असेल तर ते हायड्रोकॉर्टिसोनच्या कितीतरी पट जहाल असतं. हाताच्या तळव्यावर चालतं ते औषध तुम्ही चौदा महिने त्या जागी चोळलंय. कातडी पातळ होऊन रक्तवाहिन्या वर आल्या, म्हणून ती लालभडक दिसते. खाजेपेक्षा आग जास्त आणि ट्यूब चुकली की हाल, हीच तिची ओळख. दारू सुटताना हात थरथरतात ना, तसं कातडीचं झालंय.

2018 साली केंद्र सरकारनं अशी स्टेरॉईडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तुमच्या वीस-बावीस ट्यूबांपैकी एकीला तरी चिठ्ठी होती का? मेडिकलवाल्याला शिव्या देऊन मी मोकळी होणार नाही. अंगठ्यानं खुणावून "तेच द्या" म्हणणारे आपणच असतो.

तर ट्यूब बंद. आता कुणी सांगत नाही ते सांगते. ट्यूब बंद केल्यावर पहिले काही आठवडे तुम्हाला आजच्यापेक्षा वाईट जाणार आहेत. लाली वाढेल, आग होईल, पिशवी सुजल्यासारखी वाटेल, रात्री वाटेल की बाईनं भलताच सल्ला दिला. नेमकं याच वेळी दहातले बरेच जण पुन्हा मेडिकलवर जातात. हा आजार वाढल्याचा पुरावा नव्हे, कातडीची सवय सुटत असल्याचा आहे. किती दिवस चालेल ते माणसागणिक वेगळं. काहींचं महिन्यात शांत होतं, काहींना तीन-चार महिनेही लागतात. म्हणूनच हे एकट्यानं, घरात लपून करू नका. या काळात आग शमवायला डॉक्टरकडं बिगर-स्टेरॉईडची मलमं असतात, पोटातून द्यायच्या गोळ्या असतात. घरी करण्यासारखं म्हणजे माठातल्या गार पाण्यात मऊ सुती फडकं भिजवून दहा मिनिटं ठेवायचं, टिपून कोरडं करायचं आणि अंडकोशावर साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवायचा. बर्फ थेट नको. निरोध वापरत असाल तर जेली लावून वापरू नका, रबर कमजोर होऊन फाटतं.

बाकीचे प्रयोगही आजपासून थांबवा. ज्या लोशननं तुम्हाला ओसरीवर उभं केलं, तसल्या लोशनांत सॅलिसिलिक आम्ल असतं. ते जाड कातडी सोलून काढण्यासाठी, टाचेसारख्या जागेसाठी. अंडकोशावर लावलं तर भाजतंच. पाण्यात टाकायचं जंतुनाशक फरशीला ठीक. मिठाच्या गरम पाण्यानं दोन मिनिटं बरं वाटतं कारण गरम पाणी खाजेला तेवढ्यापुरतं बधिर करतं, पण कातडी आणखी कोरडी पडते आणि तासाभरानं खाज व्याजासकट परत येते. लिंबू, रॉकेल, करंजाचं तेल यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. लावलं असेल तर तेही बंद.

आता मूळचा नायटा. तुम्हाला वाटत असेल की एवढ्याशा नायट्याला काय घाबरायचं, आमच्या आजोबांचा तर आठ दिवसांत जायचा. खरंय, जायचा. पण गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडचा नायटा बदलला. सध्या फिरणाऱ्या बुरशीला 2020 साली वेगळं नाव मिळालं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. त्यातलं 'इंडो' आपल्या देशावरूनच आलंय. अभिमानाची गोष्ट नाही. तिचे बरेच वाण टर्बिनाफिन या एकेकाळच्या हुकमी औषधाला आता जुमानत नाहीत. 2017 साली बीटी कापसावर गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुमच्या भागात कुणाला सांगायची गरज नाही. तसंच हे. त्यामुळे उपचार आठ दिवसांचा नसतो, सहा-आठ आठवड्यांचा, कधी त्याहून लांबतो. डॉक्टर चट्ट्याची कड खरवडून कोंडा काचपट्टीवर घेतील, त्यावर पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. दुखत नाही, फार वेळही लागत नाही. मग पोटातून इट्राकोनाझोलसारखी गोळी आणि वरून नुसतं बुरशीचं मलम. मलम चट्ट्यावर तर लावायचंच, कडेच्या बाहेर दोन बोटं जागेवरही लावायचं, आणि कातडी साफ दिसायला लागल्यावर पुढं निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. ही शेवटची दोन आठवड्यांची लावणीच लोक सोडतात. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या. तुम्ही ड्रायव्हर मंडळी सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी घेता, तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण तिच्यामुळे ही कॅप्सूल अंगाला लागत नाही. यकृताचा, हृदयाचा काही त्रास असेल, दुसरी कसली गोळी चालू असेल तर तेही सांगा.

तपासताना डॉक्टर पायाची बोटं आणि नखं बघतील. तुम्हीही आज रात्री बघून ठेवा. अंगठ्याचं नख पिवळट, भुसभुशीत झालं असेल तर बुरशीचं बियाणं तिथं साठवलेलं असतं, आणि चड्डी घालताना ते पायावरून वर येतं. मोजे आधी, चड्डी नंतर, एवढी साधी युक्ती यात कामी येते.

आणि करदोडा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण डॉक्टरही हे विचारायला विसरतात. तुमच्या कमरेला काळा करदोडा असेलच. तो वर्षभर अंगावर, घामानं ओला, साबणानं चिकट. त्याच्या खालून कमरेभोवती नायट्याची माळ ओवलेली मी कित्येकांना पाहिलीय. औषध खाऊन चट्टा जातो आणि करदोड्यातून परत येतो. उपचार चालेपर्यंत काढून ठेवलात तर उत्तम. पण आई हयात असेल तर ती काढू देणार नाही, हेही मला माहीत आहे. आमच्या घरीही करदोडा तोडायचा म्हटलं की म्हातारी अंगावर यायची. मग मधला मार्ग काढा: जुना काढताच नवा बांधा, आणि दर आठवड्याला बदला. दोरा स्वस्त आहे.

कपड्यांचं सांगते. जीन्स बंद, निदान चार महिने. ढिली सुती पँट, आत सुती हाफचड्डी, रोज धुतलेली, घाम फार आला तर दुपारी बदललेली. सीटवर रेक्झिन असेल तर त्यावर सुती टॉवेल टाका आणि तो रोज धुवायला द्या. मे महिन्यात परभणीत 43 अंश असताना रेक्झिनवर दहा तास बसणं म्हणजे बुरशीला रोपवाटिका काढून देणं. घरी आल्यावर लुंगी. धुण्याचं पाणी हा आपल्याकडचा खरा प्रश्न. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि टँकरचं पाणी हंड्यानं मोजणाऱ्या घरात "कपडे तीन पाण्यांतून काढा" असं सांगताना माझी मलाच लाज वाटते. तर एवढंच करा: आतले कपडे वेगळे, धुण्याची पावडर निम्मी, आणि पाणी एकच असेल तर सगळ्यात आधी तेच कपडे त्यात खळबळा. पावडर राहिलेली चड्डी घामानं ओली झाली की त्यानंही आग होते. मग उलट्या करून कडक उन्हात. ऊन आपल्याकडं फुकट आहे. वहिनींचे आतले कपडे मात्र बहुधा ओढणीखाली, सावलीत, दाराआड वाळत असतील. अर्धवट ओले कपडे अंगावर चढतात आणि बायकांचा नायटा बरा होत नाही, त्यामागं हेही एक कारण असतं. त्यांचे कपडेही उन्हात जाऊ द्या. शेजारी काय म्हणतील ते म्हणू द्या.

आता तिसरं दुखणं, म्हणजे पुढच्या कातडीच्या भेगा आणि आतला पांढरा थर. ही बुरशीच, पण नायट्याची नव्हे. यीस्ट जातीची, कँडिडा. रक्तात साखर वाढली की ती लघवीतून येते, पुढच्या कातडीखाली थेंब राहतो, आणि तिथं या बुरशीला आयतं खाद्य मिळतं. 37 वय, वडिलांना शुगर, दिवसभर बसून काम आणि या वयात नव्यानं पडलेल्या भेगा. एवढ्यावर मी तुमच्या रक्ताची तपासणी आधी लिहीन, मलम नंतर. कित्येकांची शुगर पहिल्यांदा सापडते ती आम्हा चामडीवाल्यांकडंच. उपाशीपोटीची साखर 126 किंवा वर, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 6.5 किंवा वर आली, तर पुन्हा एकदा तपासून मधुमेह पक्का करतात. शुगर असेल आणि ती आटोक्यात आणली नाही, तर भेगांना कुठलंही मलम लावा, महिन्याभरात परत येतील.

जाता जाता इतर वाचकांसाठी: शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांना नेमका हाच त्रास होऊ शकतो. गोळी मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

ती जागा धुवायची कशी, हे आपल्याकडं बापानं मुलाला कधी शिकवलेलं नसतं. रोज एकदा, कातडी हलकेच जेवढी मागं जाते तेवढीच न्यायची, साध्या पाण्यानं धुवायचं, मऊ कापडानं टिपायचं आणि कातडी आठवणीनं पुन्हा पुढं आणायची. साबण नको, घासणं नको. मागं गेलेली कातडी तशीच राहून अडकली आणि टोक सुजायला लागलं, तर ती काही तासांत सोडवावी लागणारी गोष्ट आहे, सकाळची वाट बघायची नाही. भेगा भरेपर्यंत संबंध टाळा. कातडीवर पांढरा, चिवट डाग पडून ती आवळत चालली असेल तर तो वेगळा आजार असतो, आणि गंमत म्हणजे त्यावर जहाल स्टेरॉईडच द्यावं लागतं. पण ते डॉक्टरनं बघून, मोजून.

घरात आणखी कुणाला खाज आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. पोरांच्या बोटांच्या बेचक्यात पुळ्या, सगळ्यांची खाज रात्री अंथरुणात पडल्यावर वाढते, तुमच्या लिंगावर किंवा पिशवीवर मसुराएवढ्या कडक गाठी, असं काही असेल तर खरूज. तिचा हिशोब सगळा वेगळा. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो नसो, एकाच रात्री मानेपासून पायाच्या नखापर्यंत औषध लावायचं आणि आठवड्यानं पुन्हा. ऊसतोडीवरून कोपीतला मुक्काम आटोपून माणसं परततात, तेव्हा आमच्याकडं खरजेची रांग लागते. तुमच्या पत्रातून मला खरूज दिसत नाही, पण डॉक्टरांना शोधू द्या.

वहिनींच्या प्रश्नाकडं येते. "बाहेर काही केलं का?" या प्रश्नाला तुम्ही मला उत्तर दिलंत, त्यांना दिलंत का? पत्रात तसं दिसलं नाही. नायटा एका टॉवेलातून, एका चादरीतून, शेजारी झोपण्यातून पसरतो. त्यांच्या कमरेवरचा चट्टा तुमच्या जांघेतून गेलाय किंवा उलटही झालं असेल, त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा काही निकाल लागत नाही. भेगांची ती यीस्टही शुगरवाल्याला आपली आपण होते. हे त्यांना सांगा, आणि तुमची ट्यूब त्यांना लावायला देऊ नका; कदाचित आधीच दिली असेल. दोघांचा उपचार एकाच वेळी झाला नाही तर तुम्ही एकमेकांना नायटा परत परत आहेर करत राहाल. त्यांना खाली खाज, पांढरं जात असेल तर तेही त्याच फेरीत दाखवा.

डॉक्टर कदाचित एचआयव्हीची आणि गरमीची, म्हणजे सिफिलिसची, रक्ततपासणी सुचवतील. शपथा घेऊ नका आणि रागावूही नका, आम्ही ती अनेकांना सुचवतो. 2017 च्या कायद्यानं, काही ठराविक अपवाद सोडले तर, एचआयव्हीचा अहवाल तुमच्या संमतीशिवाय कुणाला सांगता येत नाही. जिल्हा रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथं हे सगळं मोफत आणि गुपचूप होतं. रेल्वे रुळाकडच्या भिंतींवर रंगवलेल्या 'शर्तिया इलाज'वाल्यांकडं मात्र फिरकू नका.

जायचं कुठं? तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सोयीचं. नांदेडच्या विष्णुपुरीचं, लातूरचं, संभाजीनगरची घाटी हेही आहेच. विभागाच्या पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहिलेलं दिसेल. या 'गुप्त' शब्दानं आमच्या पेशंटांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं बुरशीनंही केलं नसेल. पाटीकडं न बघता आत जा. तिथं तपासणारी बाई असली तर परत फिरू नका. तिनं सकाळपासून तुमच्यासारखे दहा बघितलेले असतील आणि तिचं लक्ष चट्ट्याच्या कडेकडं असतं. अगदीच जमलं नाही तर "पुरुष डॉक्टर आहेत का" असं सरळ विचारा, कुणी वाईट मानत नाही.

काही गोष्टींना मात्र ओपीडीची वाट बघायची नाही. त्या भागात अचानक भयंकर दुखायला लागलं, सूज तासातासाला पसरतेय, कातडी काळी-निळी पडतेय, अंगात ताप भरलाय, तर हा जीवावरचा प्रसंग असतो, शुगर असेल तर जास्तच. कातडी मागं अडकली किंवा लघवी तुंबली तरी तेच. अशा रात्री लाज ओसरीवर ठेवा आणि साडूचं दार वाजवा. लघवीवाटे पू येणं, पाण्याच्या फोडांचा घोस, न दुखणारी जखम, यांना दोन-चार दिवसांत दाखवा. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम किंवा कडक गाठ असेल तर तुकडा काढून तपासावाच लागतो.

उलट, लिंगाच्या टोकाच्या कडेला ओळीनं मोत्यासारखे बारीक दाणे असतात, किंवा कातडीखाली पिवळसर कण दिसतात. ते शरीराच्या नैसर्गिक ठेवणीतले. एका पोरानं नखकापणीनं ते काढले होते, त्याला टाके घालावे लागले. आणि अंगदुखीची किंवा जुलाबाची गोळी घेतली की दरवेळी त्याच एका जागी लाल-काळा डाग उठत असेल, तर तो गोळीचा डाग असतो. गोळीचं नाव लिहून ठेवा.

निघायच्या दिवशी सकाळी त्या जागी काहीही लावू नका, पावडरही नाही. घरातल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. वीस-बावीस सापडल्या नाहीत तरी चार सापडतील, आणि तुम्ही दहा मिनिटं बोलून जे सांगाल ते त्या चार डॉक्टरला एका नजरेत सांगतील. चहा न घेता निघालात तर शुगरची तपासणीही तिथंच होऊन जाईल. चिठ्ठीच्या खिडकीवर मोठ्यानं "काय त्रास?" विचारतात. "नायटा" म्हणा. खोटं नाही ते, आणि मागच्या रांगेतल्या निम्म्यांना तोच असतो.

ओपीडी सकाळची असते. परळीहून पुढचा रस्ता तुम्हाला मी काय सांगणार. त्या दिवशी परभणीची फेरी सोडा, जीपमध्ये सीटा भरू नका आणि वहिनींना पुढं बसवून न्या.